सीलंटआधी दाढेवर बर फिरवायचा की नाही?

निपाणीकर:
सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून दाढेच्या खाचा बुजवणारा लेप, लावायच्या आधी त्या खाचांतून बारीक बर (ड्रिलचं टोक) फिरवायची पद्धत आपल्या भागात पुन्हा दिसायला लागलीय. माझा स्पष्ट विरोध. सहाव्या वर्षी आलेली पहिली कायमची दाढ, कीड नाही, मग चांगलं एनॅमल, दाताचं वरचं कठीण आवरण, खरवडायचं कशासाठी? फॉस्फोरिक ॲसिडने एनॅमल खरबरीत केलं, म्हणजे एचिंग केलं, की रेझिन (सीलंटचं प्लास्टिकसारखं द्रव्य) घट्ट धरतं, हे बुओनोकोर यांनी १९५५ सालीच दाखवलं. त्यांचं ॲसिड ८५ टक्क्यांचं होतं, आज ३७ च्या आसपासचं जेल पुरतं. पकड असते ती त्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेल्या रेझिनची. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २००८ च्या शिफारशीही सांगतात, एचिंगआधी सरसकट बर नको. सीलंट निघतो तो बहुतेक वेळा लाळेपायी. तेवढा वेळ कॉटन रोल बदलण्यात घाला की!

टिळकवाडी_क्लिनिक:
सरसकट नको, मान्य. पण काही खाचांचं तोंड केसाएवढं आणि तळ काळा असतो, त्याचं काय करायचं? ब्रशचा केस शिरत नाही, प्यूमिस (दात घासायची पूड) आतच अडकून बसतो, जेलखाली हवा राहते. अशी खाच जराशी उघडली की सीलंट खोलवर उतरतो. प्रयोगशाळेत कापलेल्या दातांत ते स्वच्छ दिसतं.

निपाणीकर:
उपटलेल्या दाताला जीभ नसते, लाळही नसते, डॉक्टर. उद्या सीलंट झिजून निघाला तर तुम्ही रुंद केलेली खाच त्या पोराच्या तोंडात उघडी राहणार. आणि काळी रेघ म्हणजे कीड नव्हे. खड्डा न पडलेली, सुरुवातीची कीड असली तरी तिच्यावर सीलंट लावता येतो, हेही त्याच शिफारशींत आहे.

पालक_हुक्केरी:
मधेच विचारतो, माफ करा. लेकराच्या दाताला ॲसिड लावणार? दात झिजणार नाही का?

निपाणीकर:
विचारलंत ते बरं केलं. वरचा साधारण १० मायक्रॉनचा थर जातो, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्यावर सीलंट बसतो. आजूबाजूला जेल लागून उघडं राहिलेलं एनॅमल लाळेतल्या खनिजांनी पुन्हा भरून येतं. बरने गेलेलं मात्र परत येत नाही, माझं भांडण तेवढ्यासाठीच आहे.

खानापूर_शिबिर:
तुम्ही दोघं कंप्रेसरच्या शेजारी बसून भांडताय! आमच्याकडे जंगलाकडच्या शाळेत पोराला बाकावर झोपवायचं, डोक्याला बॅटरी लावायची. सक्शन नाही, पावसाळ्यात वीज नाही. एनॅमल खडूसारखं पांढरं दिसेपर्यंत वाळवू कशानं? मी एचिंगच्या फंदातच पडत नाही. ब्रशने घासायचं, कापसाने टिपायचं, जीआयसी, म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट, बोटाने दाबून बसवायचं. त्याला थोडा ओलावा चालतो, वर फ्लोराइडही सुटतं.

टिळकवाडी_क्लिनिक:
आणि लवकर पडतं, तेही सांगा की. रेझिनएवढं ते टिकत नाही.

खानापूर_शिबिर:
पडतं, खरंय. पण खाचेच्या तळाशी थोडं राहतं, आणि दाढ पूर्ण वर येईपर्यंत तेवढा आधार मिळतो. अर्ध्या हिरडीखालच्या दाढेवर रेझिन लावून दाखवा, मग बोलू. त्या पोरांना बेळगावला या म्हटलं तर एसटीचं भाडं आणि आईबापाचा रोजगार, दोन्ही बुडतात.

अथणी_दंत:
एचिंगच्या वेळेबद्दल कुणी बोलतच नाही. पुस्तकात १५ ते ३० सेकंद. पण विजयपूर-बागलकोट बाजूच्या बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या पोरांच्या दातांवर फ्लोरोसिसचे (पाण्यातल्या जादा फ्लोराइडने पडणारे) चट्टे असतात. ते एनॅमल ॲसिडला दाद देत नाही, जेल जास्त वेळ ठेवावं लागतं. मी घड्याळापेक्षा वाळवल्यावर येणारा रंग बघतो.

निपाणीकर:
रंग बघाच, पण सौम्य चट्ट्यांना वेळ दुप्पट करायची घाई नको. आधी धुऊन वाळवा, पांढरेपणा नाही आला तर पुन्हा जेल. टिळकवाडीकर, एक विचारतो : एचिंग झाल्यावर जीभ लागली तर नुसतं पुसता का?

टिळकवाडी_क्लिनिक:
छे! धुतो, वाळवतो, पुन्हा १० सेकंद जेल. लाळेचा थर डोळ्याला दिसत नाही, पुसून जातही नाही. त्यात आपलं एकमत. बर मात्र माझ्या ट्रेमध्ये राहणार, दहातल्या एखाद्या दाढेसाठी का होईना.

निपाणीकर:
त्या एकीचा आधीचा फोटो इथं टाका. खाच बघून मग भांडू.