ज्यू इतिहास कॉलेजात शिकवायचा तर सुरुवात नवगावपासून की जेरुसलेमपासून?

किनारा (धागाकर्ता):
इतिहास घेऊन बीए झालेल्या मुलांना ज्यूंबद्दल विचारा. हिटलर, छळछावण्या आणि इस्रायल-पॅलेस्टाइन, बस. मधली दोन-अडीच हजार वर्षं कोरी. माझं म्हणणं असं की महाराष्ट्रातल्या कॉलेजांत ज्यू इतिहास, धर्म आणि संस्कृती यांचा रीतसर पेपर हवा आणि तो बेने इस्रायलांपासून, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपासून, सुरू व्हावा. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरागत कथा. पण मी कथेच्या नाही, साधनांच्या जोरावर बोलतोय. जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, ते याच समाजासाठी. 1874 साली पुण्यात हगादा, म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठीत निघाली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडी नेसलेल्या आहेत. 1880च्या सुमारास हीच मंडळी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करू लागली. एवढं सगळं हाताशी असताना आपल्या मुलांनी या विषयाला परका का म्हणावं?

शब्दवेल्हाळ:
साफ असहमत. नवगावपासून सुरू केलंत तर अभ्यासक्रम रेवदंड्याच्या पुढे सरकणार नाही. बेने इस्रायलांनी शनिवार पाळला, सुंता पाळली, 'शेमा' ही देव एकच असल्याची प्रार्थना जपली. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून तर गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पण तालमूदची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या कायदेचर्चांच्या ग्रंथाची, परंपरा त्यांच्याकडे नव्हती, नंतरचं बरंच शिक्षण कोचीन आणि बगदादकडच्या ज्यूंकडून आलं. आणि ज्यू धर्माचा गाभा तर तिथेच आहे. तालमूदचं छापील पान एकदा बघा. मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या राशीची टीका, दुसऱ्या बाजूला पुढच्या पिढ्यांनी राशीलाच विचारलेले प्रश्न. वाद मिटवायचा नाही, शेजारी छापून ठेवायचा! हे पान न पाहता मुलगा पास झाला तर तो काय शिकला?

साधा_माणूस:
पाली आणि अर्धमागधीला विद्यार्थी मिळेनात, जागा भरल्या जात नाहीत. त्यात हा नवा पेपर? आईबाप फी भरतात ती पोरगं पायावर उभं राहावं म्हणून. आधी आहे ते नीट चालवा.

किनारा:
साधा_माणूस, मी नवा विभाग मागत नाही, असलेल्या इतिहास विभागात एक पेपर मागतोय.
शब्दवेल्हाळ, 'ज्यू कोण?' हा तुमच्या मते गाभ्यातला प्रश्न आहे ना? मग तो आपल्याच माणसांच्या वाट्याला किती कडवटपणे आला ते पाहा. मुंबईत बगदादी ज्यू त्यांना बरोबरीने वागवायला तयार नव्हते. इस्रायलमध्ये गेल्यावर लग्नाच्या वेळी रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली. त्यांनी आंदोलन केलं, आणि 1964 साली तिथल्या संसदेला ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं. याला काठावरचा इतिहास कसं म्हणता?

ठाण्याची_लेक:
मी याच समाजातली. दोघांचंही वाचलं आणि थोडं वाईट वाटलं. आमच्याकडे विद्यार्थी येतात ते गलबत आणि मलिदा एवढंच विचारायला. मलिद्याच्या ताटात भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची आणि फळं असतात आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना होते, हे सांगायला मला आवडतं. पण आमच्या माणसांनी काय लिहिलं, हे कुणी विचारत नाही. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. शब्दवेल्हाळ, विद्वत्ता कोकणाबाहेरच होती असं कृपया समजू नका. आणि किनारा, तुमच्या पेपरात आम्ही फक्त चालीरीतींच्या प्रकरणात येणार असू तर तो पेपर नसलेला बरा.

शब्दवेल्हाळ:
ताई, राजपूरकरांचा मुद्दा वजनदार आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे. ते हिब्रू शिकले म्हणूनच भाषांतर करू शकले. 1930 साली कोलंबिया विद्यापीठात ज्यू इतिहासाचं अध्यासन सांभाळणारे सालो बॅरन म्हणत की ज्यूंचा इतिहास म्हणजे नुसती दुःखांची मालिका नव्हे. हिटलरपुरतं ज्ञान नको, हे किनारा यांचं म्हणणं म्हणून मला शंभर टक्के पटतं. पण त्यावर उपाय मूळ भाषा हाच. पहिल्या सत्रात हिब्रू अक्षरं, नाहीतर गाईड पाठ करून सगळे साठ टक्के काढतील.

किनारा:
अक्षरं मान्य. चालीरीतींचं वेगळं प्रकरण नको, हेही मान्य. राजपूरकर पहिल्याच घटकात घ्यायचे. सक्तीची भाषा मात्र नको. पेण-अलिबागच्या कॉलेजांना हिब्रूचा शिक्षक मिळेपर्यंत थांबलो तर आणखी एक पिढी काहीच न वाचता बाहेर पडेल.

साधा_माणूस:
एका पेपरचंच म्हणत असाल तर माझा विरोध नाही. पण तो ऐच्छिक ठेवा.