अनुभव धागा: मैदानातल्या माणसांनी आपलं माणूस कसं जपलं?

डावा कोपरा, गुहागर

बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते. दिवस-वार होईपर्यंत घर नातेवाइकांनी भरलेलं, मग ज्याचा तो मुंबईला परतला. मंडळाची पोरं मात्र येत राहिली. काम काही नसायचं. पडवीत बसायची, चहा घ्यायची, "काकी, लाकडं फोडून ठेवू काय?" विचारायची आणि आईने काही म्हणायच्या आत कुऱ्हाड घेऊन मागीलदारी जायची.

बाबा वाडीच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यात खेळत. गुडघा गेल्यावर खेळ सुटला आणि मैदान आखायचं काम त्यांच्याकडे आलं. वनस्पती तुपाचा जुना डबा, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं, आत रेषा आखायची पांढरी फक्की. सुतळी ताणायची आणि डबा हलवत एका चालीने जायचं. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, आणि त्यांची मध्यरेषा म्हणे टेप न लावता चुकत नसे. (असं आई म्हणते. एकदा चुकलेली मी पाहिली आहे.)

बाबांच्या नावाने ठेवलेल्या पहिल्या स्मृती चषकाच्या आदल्या संध्याकाळी कप्तान घरी आला. "काकी, काकांचा डबा द्या." आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. गोठ्याच्या माळ्यावर सापडला, आत फक्कीचा दगड झालेला. आईने तो कोयतीच्या टोकाने खरवडला, धुतला, चुलीपाशी वाळवला आणि भरून दिला. तेव्हापासून दरवर्षी कुणी ना कुणी डबा न्यायला येतं. रिकामा डबा आई देत नाही. 15 जुलैला, कबड्डीसाठी आयुष्य घालवलेल्या बुवा साळवींच्या जयंतीला, कबड्डी दिन असतो. त्या दिवशीही जुने गडी येतात आणि बाबांनी केलेल्या पकडींचा आकडा दर वर्षी दोन-चारने वाढतो.

तुमच्याकडचं सांगा. चषक किती रुपयांचा होता ते राहू दे, घरात काय झालं ते लिहा.

लाल माती, सांगली जिल्हा

आमचे आजोबा तालमीचे वस्ताद. आजीने आयुष्यभर पैलवानांचं दूध आटवलं, पण तालमीचा उंबरा कधी ओलांडला नाही. तशी रीतच होती. आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पोरांनी कुस्तीच्या मातीचा हौद उकरला, नवी माती घातली. मातीत ताक, लिंबू, हळद, तेल, काव असं सगळं मुरवावं लागतं. ताक न्यायला दोघं आमच्या दारात उभे. वस्तादांच्या घरचंच ताक पाहिजे म्हणाले.

तेव्हा म्हैस होती. ती विकून चार वर्षं झाली. आजी आता डेअरीतून दही आणवते, आदल्या रात्री स्वतः घुसळते आणि सकाळी कळशी भरून ठेवते. पोरांना हे ठाऊक आहे. आजीला वाटतं, त्यांना ठाऊक नाही.

महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा मोहोळ घराणं मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ देतं, हे कुस्ती बघणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. आमची कळशी तेवढी मोठी नाही. पण एका वर्षी आजी आजारी होती आणि ताक तीन दिवस उशिरा गेलं, तर माती तीन दिवस तशीच पडून होती.

एक्स्ट्रा कव्हर, कल्याण

मी जरा कडू लिहितो. माझा धाकटा भाऊ टेनिस क्रिकेट खेळायचा. अपघातात गेला. वर्षाच्या आत त्याच्या नावाने रात्रीचे सामने ठेवले गेले. फ्लेक्सवर पुढारी आणि प्रायोजक इतके, की भावाचा फोटो शोधावा लागला. आईबाबांना अडीच तास स्टेजमागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवून ठेवलं आणि बक्षीस द्यायला बोलावताना निवेदकाने आडनावच चुकीचं घेतलं. पुढच्या वर्षी विचारायला आले तेव्हा बाबांनी हात जोडले.

मग एका रविवारी सकाळी त्याच्या संघातले नऊ-दहा जण घरी आले आणि आईला रिक्षात घालून मैदानावर घेऊन गेले. स्पीकर नाही, हार नाही. आपसातच दोन संघ पाडले, आठ-आठ षटकं. बॅटिंग येईपर्यंत भाऊ कीपरच्या मागे उभा राहून सगळ्यांना शहाणपण शिकवायचा, "अरे पाय काढ, पाय!" त्याची हुबेहूब नक्कल एकाने केली. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. घरी येऊन रडली, ते वेगळं.

अबोली

सगळं वाचतेय. माझं लिहून होत नाही अजून. मार्चमध्ये दोन वर्षं होतील.

पहाटेची धाव, पुणे

नवरा गेला तेव्हा त्याचे बूट तीन जोड होते. एक त्याच्या रनिंग ग्रुपमधल्या मित्राच्या पायाला बरोबर बसला. मला ते आधी आवडलं नव्हतं, खरं सांगते. कुणाचे बूट कुणी घालावेत का, असं सासूबाईही म्हणाल्या.

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनचं दोघांचं ठरलेलं होतं. डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग यांच्यामधली साधारण 90 किलोमीटरची धाव, बारा तासांत पुरी करायची. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी व्हिक क्लॅपमने ती 1921 मध्ये सुरू केली. तेव्हा 34 जण धावले, 16 जणांनी पुरी केली. हे सगळं मला नवऱ्याने जेवताना इतक्यांदा ऐकवलं होतं की पाठ झालं. वाटेत आर्थर्स सीट नावाची जागा आहे. पाच वेळा जिंकलेल्या आर्थर न्यूटनची ती विसाव्याची जागा म्हणतात, आणि धावणारे तिथे फूल ठेवून त्याला गुड मॉर्निंग म्हणतात.

मित्र एकटा गेला. फोन आला तेव्हा धाप लागलेलीच होती. म्हणाला, "वहिनी, दोन फुलं ठेवली. एक आर्थरचं." मग कितीतरी वेळ कुणीच काही बोललं नाही. बूट त्याने परत आणून दिले. मी धुतले नाहीत.

सिडनीकर

घरातलं माणूस नव्हतं, तरी लिहितो. 25 नोव्हेंबर 2014 ला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याला सिडनीच्या मैदानावर चेंडू लागला, 27 ला तो गेला. तीन दिवसांनी सव्विसाचा झाला असता. इथल्या एका माणसाने दाराबाहेर बॅट उभी करून ठेवली आणि बघता बघता सगळीकडे बॅटी उभ्या राहिल्या. माझी दादरहून आणलेली, हँडलची ग्रिप सुटलेली बॅट होती, तीही ठेवली. समोरच्या घरातले आजोबा तीन वर्षांत कधी बोलले नव्हते. ते येऊन ग्रिप नीट गुंडाळून गेले.

त्याचा डाव 63 वर अर्धवट राहिला होता, तो पुढे नाबाद म्हणून नोंदवला. अ‍ॅडलेडला भारताविरुद्धच्या कसोटीआधी 63 सेकंद टाळ्या वाजल्या. त्याच्या घरच्यांना त्यातलं किती ऐकू आलं असेल कोण जाणे.

डावा कोपरा, गुहागर

दोघांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं, डबा अजून आहे का. आहे. बूड गंजलं होतं, मागच्या वर्षी पोरांनी नवीन पत्रा डाग देऊन बसवून आणला. भोकं आईने पाडली. पोरांच्या हातून मोठी पडतात आणि फक्की फुकट जाते म्हणाली.

आता मॅट आलंय, त्यावर रेषा तयारच असतात. म्हणून डब्याने फक्त प्रेक्षकांनी कुठवर बसायचं ती रेषा आखतात. ती हमखास वाकडी येते. "हे असते तर पुसायला लावलं असतं," असं आई दरवर्षी म्हणते, आणि दरवर्षी कुणीतरी गुपचूप झाडू घेऊन ती पुसतो.