‘शेतकऱ्यांचे’ शोधलं की निम्म्याच नोंदी सापडतात (उबुंटू, आयबस, कॅल्क)

वाचनालय_ताई:
गावच्या वाचनालयाची यादी मी लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये भरते. मी इनस्क्रिप्ट कळफलकाने टाइप करते, संध्याकाळी येणारा मुलगा फोनेटिकने (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून). काल एका आजोबांना ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ या विषयाची पुस्तकं हवी होती. शोधात ११ आली, कपाटात २६ निघाली. उरलेली १५ यादीत आहेत, दिसायलाही हुबेहूब तशीच, पण शोधात येत नाहीत. फिल्टर उघडला तर तोच विषय दोनदा, एकाखाली एक. जादा स्पेस तपासली, फॉन्ट बदलला, आयबस (उबुंटूतली मराठी टाइप करायची सोय) पुन्हा सुरू केलं. यादीवर विसंबून आजोबांना परत पाठवलं असतं, हे मनातून जात नाही.

पेंग्विन_सातारा:
लॉगिन करताना पर्याय दिसत असेल तर वेलँडऐवजी झॉर्ग निवडून बघा (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या या दोन यंत्रणा). टाइप करताना माझी अक्षरं गळायची, ते थांबलं.

जोडाक्षर:
वेलँडचा इथे संबंध नाही. अक्षर गळलं असतं तर ताईंना दिसलं असतं. इथे अक्षर तेच दिसतंय, आत साठवलेलं वेगळं आहे. ताई, दोन्ही प्रकारचा एकेक शब्द पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या युनिकोडडेटा मोड्यूलला द्या आणि एकेका अक्षराचं नाव छापून घ्या. फरक ‘ऱ्य’मध्ये निघेल असं वाटतं.

वाचनालय_ताई:
तिथेच निघाला! माझ्या शब्दात ऱ, हलन्त, य. मुलाच्या शब्दात र, हलन्त, ‘झीरो विड्थ जॉइनर’, मग य.

जोडाक्षर:
मग कोडं सुटलं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबलं की ऱ (युनिकोड या अक्षरसंकेतातला त्याचा क्रमांक ०९३१) येतो आणि त्याचा पाय मोडला की ‘ऱ्य’ होतो. मुलाचा कळफलक साधा र (०९३०) घेऊन पुढे न दिसणारा जोडक (२००डी) टाकतो. ही युनिकोड २.० च्या काळातली रीत, जुन्या मजकुरासाठी अजून चालू ठेवलेली. म्हणून दोन्ही सारखेच दिसतात. नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची युनिकोडची ठरलेली रीत) करूनही ते एक होत नाहीत, बदल आपणच करायचा.

यादीची प्रत काढून ठेवा. मग मुलाच्या नोंदीतला ‘र्‍य’ कॉपी करून ‘शोधा’मध्ये टाका, तुमचा ‘ऱ्य’ ‘बदला’मध्ये, आणि सगळीकडे बदला. ‘र्‍ह’साठी तसंच, नाहीतर ‘कऱ्हाड’ मागे राहील.

एक कळकळीचं सांगणं: न दिसणारे जोडक सरसकट पुसू नका. ते पुसले की ‘आचार्‍यांना’चं ‘आचार्यांना’ होतं. स्वयंपाकी होते, तिथे गुरुजी येतात, आणि चूक झाल्याचं कुणाला कळतही नाही. असा बिघडलेला मजकूर मी महिनाभर हाताने दुरुस्त केलाय.

मुलाचा कळफलक बनवणाऱ्यांच्या प्रकल्पातही या अडचणीची नोंद करा. नुसता स्क्रीनशॉट लावू नका, त्यात दोन्ही सारखेच दिसणार. कुठल्या कळा दाबल्या, काय यायला हवं होतं (०९३१, ०९४डी, ०९२एफ) आणि काय आलं, एवढं लिहा.

वाचनालय_ताई:
२६ च्या २६ आल्या! नोंद मुलगाच लिहितोय. पण आता ‘अॅटलास’ दोनदा दिसतोय.

जोडाक्षर:
त्याचंही तेच. ॲ (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी अ वर चंद्र ठेवून लिहायचे, तेही अजून चालतं. ‘अॅ’ शोधा, ‘ॲ’ने बदला.