ट्रंकेतली कागदी खेळणी: ओळखा आणि आठवणी लिहा

आजोळची ट्रंक आवरताना दोन चपट्या काड्या मिळाल्या. मधे रंगीत, झिरझिरीत कागदांची वीतभर जुडी. काड्या फाकवल्या की पंखा होतो, आणखी फिरवल्या की चेंडू. आईला विचारलं, तिलाही नाव आठवेना. तुमच्याकडे असं काही निघालं होतं का? कसं ओळखलंत?

सांगलीहून : अहो, हे उरसातलं! पातळ कागदांचे थर रेघारेघांनी चिकटवतात, पण एका थराच्या रेघा खालच्या रेघांच्या मधोमध पडतात. म्हणून ताणलं की मधाच्या पोळ्यासारखी जाळी होते. मांडवात टांगायचे ते कागदी गोळेही असेच. फेरीवाला मनगटाच्या झटक्यानं फूल, कंदील, टोपी करून दाखवायचा. घरी आणल्यावर आमचा मात्र पंख्यापुढे काही जायचा नाही! ओल लागून थर चिकटले असतील तर ओढू नका, फाटतील.

नाशिकहून : आमच्याकडे पुठ्ठ्याची चकती निघाली, दोन्ही कडांना दोरे. एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पोपट, तोही उलटा. आम्ही छपाईची चूक समजलो. दोऱ्यांना पीळ देऊन सोडला आणि पोपट सुलटा होऊन पिंजऱ्यात बसला! असल्या चकत्या लंडनमध्ये १८२५ पासून विकल्या जात. उलटं चित्र हीच तिची खूण.

पुण्याहून : लाल कागदाची बारीक गुंडाळी, त्यावर ओळीनं काळसर फुगवटे दिसले तर त्या पिस्तुलाच्या टिकल्या. आत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. जुन्या म्हणून नखानं खरवडू नका, कळकळीनं सांगते.

ठाण्याहून : बाबांच्या वहीत कागदी षटकोन होता. चिमटीत धरून मधून उमलवला की आतून तिसरंच तोंड बाहेर! १९३९ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात आर्थर स्टोन या इंग्रज विद्यार्थ्याच्या फायलीत अमेरिकी कागद मावेनात, तेव्हा कापलेल्या पट्ट्यांच्या घड्या घालताना हे सापडलं. बाबांना कुणी शिकवलं असेल?

कणकवलीहून : वर्तमानपत्राचा घडी घातलेला त्रिकोण रद्दीत टाकणार होते. भावानं हवेत झटकला. फट्ट!

धागा काढणारी : सांगलीकर, आभार. चिकटलेले दोन थर तसेच ठेवलेत. तुमचं उत्तर वाचून दाखवत होते, तेवढ्यात आईनं काड्या माझ्या हातातून घेतल्या आणि एका झटक्यात टोपी केली.