मिरवणुकीचं शूटिंग कॉम्प्रेस केलं की गुलाल फुटतो, आवाज मागे पडतो

पथक_डेक्कन

पथकाच्या वादनाचं शूटिंग आहे, बेलबाग चौक ते अलका चौक. फोनवर ४के, ३० फ्रेमवर घेतलंय. ४२ मिनिटं, १५ जीबी. घरचा पीसी आठव्या पिढीचा आय५, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आधी एडिटरमध्ये पुढचं-मागचं कापून एक्स्पोर्ट केलं, मग हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून १०८०पी केलं. एन्कोडर (व्हिडिओ कॉम्प्रेस करणारा भाग) क्विक सिंक, म्हणजे इंटेलच्या चिपमधला; एव्हरेज बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, २५०० किलोबिट. फाइल ८०० एमबीची झाली, पण:

१. गुलाल उडतो तिथे सगळे चौकोन चौकोन दिसतात. नुसता ध्वज किंवा रांगोळी असेल तिथे चित्र स्वच्छ आहे.
२. सुरुवातीला ढोल बरोबर वाजतो, शेवटी आवाज दीडएक सेकंद मागे.
३. एच.२६५ (एच.२६४ नंतरचा नवा व्हिडिओ फॉरमॅट) करून पाहिलं तर घरच्या जुन्या टीव्हीवर फक्त आवाज येतो, चित्र नाही.

नेमकं कुठे चुकतंय?

कर्वेनगरचा_एन्कोडर

तीन तक्रारींची कारणं तीन आहेत. एकच सेटिंग बदलून तिन्ही सुटणार नाहीत.

गुलालापासून सुरू करू. कॉम्प्रेशन करताना एन्कोडर प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत नाही. मागच्या फ्रेममधला तुकडा कुठे सरकला तेवढंच नोंदवतो. ध्वज हलला तर ते जमतं. गुलालाचा प्रत्येक कण मात्र वेगळ्या दिशेला जातो, शिवाय पाकळ्या, हात, टिपरू (ढोल वाजवायची काठी) सगळं एकदम हलतं. मागच्या फ्रेमचा उपयोग उरत नाही, आणि २५०० किलोबिटमध्ये नवीन लिहायला जागाच नसते. मग बारकावे टाकून दिले जातात आणि चौकोन उघडे पडतात.

म्हणून साइज आधी ठरवू नका, क्वालिटी ठरवा. व्हिडिओ टॅबमध्ये एव्हरेज बिटरेट काढून 'कॉन्स्टंट क्वालिटी' घ्या, आरएफ २१ किंवा २२ (हा क्वालिटीचा आकडा, जितका कमी तितकं चित्र चांगलं). एन्कोडर क्विक सिंक नको, एक्स२६४ (एच.२६४ फाइल बनवणारा सॉफ्टवेअर एन्कोडर) घ्या, प्रीसेट 'स्लो'. क्विक सिंक वेगवान आहे, पण तेवढ्याच साइजमध्ये अशा गर्दीच्या दृश्यात तो मागे पडतो. आरएफ ६ ने कमी केला की फाइल ढोबळमानाने दुप्पट होते, एवढा अंदाज पुरे.

पूर्ण ४२ मिनिटं लावण्याआधी 'रेंज'मध्ये 'सेकंद' निवडून सर्वात जास्त गुलालाचे ३० सेकंद एन्कोड करा. तो तुकडा चांगला दिसला तर बाकीचं दिसणारच. बहुतेक जण पहिली ३० सेकंदं तपासतात, आणि तिथे मुलं नुसती रांगेत उभी असतात!

लाल रंगाबद्दल एक मर्यादा लक्षात ठेवा. या फाइल्समध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला असते, रंगाची मात्र चार पिक्सेलमध्ये एकदा. त्यामुळे गडद लाल-गुलाबी कडा थोड्या खरखरीत दिसतात, त्या आरएफ कितीही उतरवला तरी जात नाहीत.

डीनॉइज (चित्रातला दाणा काढणारा) फिल्टर दिवसाच्या शॉटला लावू नका, गुलालाचा ढग पुसला जाऊन चिखल दिसतो. रात्रीच्या शॉटला त्यातलाच एनएलमीन्स, 'अल्ट्रालाइट'वर, चालेल. अंधारातला सेन्सरचा दाणा बिटरेट खातो.

ताल_आणि_ताशा

आवाजाचं मी सांगते. फोन ३० फ्रेम म्हणतो, पण प्रत्यक्षात कधी २८, कधी ३० असं लिहितो. मूळ फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडा. 'फ्रेमरेट मोड: व्हेरिएबल' (म्हणजे फ्रेमचा वेग बदलता) दिसलं तर कारण हेच. काही एडिटर सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतात, म्हणून फरक साठत जातो.

दादा, तुमचा क्रम उलटा झालाय. आधी मूळ फाइल हँडब्रेकमधून काढा: फ्रेमरेट ३०, खाली 'कॉन्स्टंट', आरएफ १६ ते १८. ही मोठी फाइल एडिटरमध्ये घेऊन कापा. आधीची एक्स्पोर्ट केलेली फाइल वापरू नका, चूक तिच्यातच बसली आहे.

दोन गोष्टी आधी पडताळा. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर कारण व्हेरिएबल फ्रेमरेट नाही, नुसता आवाज सरकलाय. व्हीएलसी प्लेअरमध्ये जे आणि के या कीज दाबून तो मोजता येतो, दर दाबाला ५० मिलिसेकंद. आणि ४२ मिनिटांच्या शेवटी फरक बरोबर अडीच सेकंद असेल तर कुठेतरी २९.९७ आणि ३० ची गल्लत आहे.

तपासायला टिपरू ढोलाच्या पानावर पडतं तोच क्षण धरा. ओठांच्या हालचालीपेक्षा तो कितीतरी स्पष्ट असतो.

ढोल फाटल्यासारखा वाजत असेल तर मूळ फाइल ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये बघा. लाटेची टोकं सपाट कापलेली असतील तर ते रेकॉर्डिंगच तसं आहे, कॉम्प्रेशनचा दोष नाही.

जुना_बाजार

एच.२६५ च करा, निम्म्या जागेत बसेल.

कर्वेनगरचा_एन्कोडर

@जुना_बाजार, साठवायला ठीक, पण त्यांच्या टीव्हीत तो डीकोडर नाही, म्हणूनच चित्र येत नाही. टीव्हीसाठी एच.२६४, ८ बिट, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, आवाज एएसी फॉरमॅट, १९२ किलोबिट. पेन ड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल कॉपीच होत नाही. टीव्ही वाचत असेल तर एक्सफॅट करा, पण फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं.

अजून एक. स्लो प्रीसेटला या आय५ वर काही तास लागतील. मध्येच लाइट गेली तर एमपी४ बहुधा उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. एमकेव्हीमध्ये काढा, झालेला भाग तरी चालतो. नंतर अ‍ॅव्हिडेमक्स या एडिटरमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही 'कॉपी' ठेवून एमपी४ करा. क्वालिटी तसूभरही कमी होत नाही.

सुरुवातीला वेग चांगला आणि दहा मिनिटांनी निम्मा झाला तर सीपीयू तापतोय. हीटसिंकमधली धूळ काढा. थर्मल पेस्टची ट्यूब तापकीर गल्लीत मिळेल.

पथक_डेक्कन

मीडियाइन्फोत व्हेरिएबलच निघालं. ताई म्हणाल्या त्या क्रमाने केलं, शेवटपर्यंत टिपरू आणि आवाज जुळतोय. आरएफ २२, स्लो: ३.१ जीबी, गुलाल छान दिसतोय, टीव्हीवर चालली. आता पथकातल्या मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंय.

ताल_आणि_ताशा

गॅलरीतून पाठवू नका, तिथे पुन्हा कॉम्प्रेस होतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मर्यादा २ जीबी. इथे मात्र साइज ठरलेली आहे, म्हणून एव्हरेज बिटरेट वापरणं योग्य. २००० एमबी गुणिले ८, भागिले २५२० सेकंद, म्हणजे साधारण ६.३ मेगाबिट. आवाजाचे ०.२ वजा करा, थोडी जागा सोडा, ५९०० टाका आणि 'मल्टी-पास' चालू ठेवा. पहिल्या फेरीत तो गुलाल कुठे आहे ते शोधतो आणि दुसऱ्या फेरीत तिथे जास्त बिट देतो. हे काढताना स्रोत म्हणून ३.१ जीबीची फाइल घेऊ नका, आरएफ १६-१८ वाली घ्या.