अँटिऑक्सिडंटसाठी कोणती फळं घ्यावीत? नाशिकच्या बाजारात मिळणारीच सांगा

गंगापूररोडकर
घरात चौघं. वडिलांना मधुमेह, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.८, कोलेस्टेरॉलची गोळी चालू. बायकोचं हिमोग्लोबिन ९.८. सध्या किवी, ड्रॅगन फ्रूट आणि रोज सकाळी पाच फळांचा गाळलेला ज्यूस चालू आहे, महिन्याला साडेतीन हजार जातात. नेटवरचे अँटिऑक्सिडंट स्कोअर बघून यादी बदलावी म्हणतोय. कोणतं फळ, किती, कधी?

साल_बिया_सकट
स्कोअरचा नाद सोडा. ओआरएसी नावाचे ते आकडे परीक्षानळीतले आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने तो तक्ता २०१२ मध्ये काढूनच टाकला, कारण नळीतला आकडा शरीरात लागू पडतो याला आधार नव्हता. पॉलिफेनॉल, म्हणजे फळांतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं, मुळात शोषली जातात थोडी, आणि जी जातात त्यांचं रूप आतड्यात आणि यकृतात बदलतं.

ज्याचा हिशोब नीट मांडता येतो ते क जीवनसत्त्व. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज ८० मिग्रॅ, बाईला ६५. पेरूत १०० ग्रॅममागे साधारण २०० मिग्रॅ असतं. म्हणजे अर्धा मध्यम पेरू खाल्ला की दिवसाचं काम झालं. आवळ्याचा आकडा जुन्या तक्त्यांत ६०० आहे, नव्यात २५० च्या आसपास. कमी धरला तरी पेरूच्या वरच. ड्रॅगन फ्रूट यांच्या जवळपासही नाही. लाल गराचं असेल तर बीटासारखा रंग मिळतो, लघवी लाल झाली तर घाबरू नका, एवढंच. त्या पैशात चौघांचे पेरू येतील.

कसमादे_बागाईत
ज्यूसचं वरच्यांनी सोडलं, ते सांगतो. मिक्सरमध्ये हवा घुसळली जाते आणि क जीवनसत्त्व हवेनेच मरतं. गाळलं की चोथा गेला, साखर राहिली. मधुमेह्याला हा सौदा तोट्याचा. फळ चावून खा. कापायला स्टीलची सुरी घ्या, लोखंडी विळी नको. लोखंड आणि तांबं दोन्ही ऱ्हासाचा वेग वाढवतात. आवळ्याचा रस तांब्या-पितळेच्या भांड्यात तर अजिबात नको. डब्यासाठी कापायचंच असेल तर मोठ्या फोडी, घट्ट झाकण, त्याच दिवशी संपवायचं.

डाळिंबाबद्दल: ज्या प्युनिकॅलॅजिन या अँटिऑक्सिडंटचं एवढं कौतुक होतं ते मुख्यतः सालीत असतं. अख्खं फळ दाबून काढलेल्या रसात ते उतरतं, दाण्यांत कमी. पण दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिन या अँटिऑक्सिडंट रंगद्रव्याचाच, त्यामुळे वाया काही नाही. सटाणा-मालेगावचं भगवा जातीचं डाळिंब घेताना गुळगुळीत गोल फळापेक्षा कडा आलेलं, हाताला जड लागणारं घ्या. साल थोडी सुकलेली चालते. तेल्या रोगाचा डाग वरवरचा असेल तर आतले दाणे चांगले निघतात, आणि तसा माल स्वस्त मिळतो.

द्राक्षं साल न काढता, शक्यतो काळी, रंग सालीतच. रेस्व्हेराट्रॉल या द्राक्षातल्या अँटिऑक्सिडंटचं ऐकाल, पण घडात ते इतकं थोडं असतं की त्यासाठी द्राक्षं खाऊ नका, चवीसाठी खा. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे दोन सपाट चमचे खायचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटं बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. फळाच्या आत शिरलेलं फवारणीचं औषध याने निघत नाही, पृष्ठभागावरचं बरंचसं निघतं. आणि ती पांढरी भुकटी घासत बसू नका, द्राक्षाचं स्वतःचं मेण आहे ते.

गोदाकाठची_सुगरण
थांबा, वडिलांचं क्रिएटिनिन १.८ आहे! त्यांची यादी वेगळी ठेवा. कमरख, म्हणजे स्टार फ्रूट, त्यांना एक फोडही नको. किडनी अशक्त असेल तर त्यातलं कॅरंबॉक्सिन हे विष बाहेर पडत नाही आणि थेट मेंदूवर परिणाम होतो: न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके. पेरूत पोटॅशियम केळ्याइतकंच भरतं. त्यामुळे पेरू, केळं, शहाळं यांचं प्रमाण रक्तातलं पोटॅशियम बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या. जांभळात पोटॅशियम आणि साखर दोन्ही बेताची, मूठभर चालण्यासारखी, तीही विचारून. जांभळाच्या बियांच्या पावडरीच्या भरवशावर मधुमेहाची गोळी कमी करू नका. पपनस कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, तुमची गोळी त्यात बसते का ते औषधवाल्याला विचारा.

ताईंसाठी मात्र पेरू सकाळी रिकाम्या पोटी नको, जेवणात हवा. भाजी-डाळीतलं लोह क जीवनसत्त्वासोबत जास्त शोषलं जातं. बाजरीची भाकरी, मेथी, सोबत पेरूची कोशिंबीर. चहा जेवणाआधी-नंतर तासभर लांब, नाहीतर चहातलं टॅनिन बरंचसं लोह अडवतं. तरी ९.८ निव्वळ फळांनी भरून निघत नाही, गोळी लागेलच.

साल_बिया_सकट
हंगामाचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये त्र्यंबक रोडला द्रोणात करवंदं मिळतात, जूनमध्ये जांभळं. दोन्हींचा गडद रंग अँथोसायनिन, दोन्ही सालीसकट खायची. पपई आणि आंब्याचं कॅरोटीन तेलात विरघळणारं आहे, तेव्हा जेवणाबरोबर किंवा चार शेंगदाण्यांबरोबर खा.

गंगापूररोडकर
ज्यूस आजपासून बंद. वडिलांचे रिपोर्ट घेऊन या आठवड्यात जातो. आवळा वर्षभर टिकवायचा कसा? आवळा सुपारी चालेल?

गोदाकाठची_सुगरण
सुपारी उन्हात वाळते, त्यात क जीवनसत्त्व बरंच जातं. मोरावळ्यात उष्णता आणि साखर दोन्ही. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत किलोभर घट्ट, डाग नसलेले आवळे आणा, धुऊन पूर्ण कोरडे करा. स्टीलच्या किसणीवर किसा. लोखंडी असेल तर टॅनिनमुळे कीस काळा पडतो. बर्फाच्या ट्रेमध्ये कप्प्याला एक मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम, दाबून भरा. गोठल्यावर पिशवीत घालून हवा काढा. एका वडीत ३५ मिग्रॅच्या आसपास क जीवनसत्त्व, म्हणजे ताईंची निम्मी गरज. सहा महिने टिकतं. लागेल तेवढ्याच वड्या काढा, वितळलेल्या परत फ्रीजरमध्ये ठेवू नका. वरण गॅसवरून उतरवल्यावर त्यात वडी घाला, उकळत्या वरणात नको.