मदत हवी आहे: उंदीर पकडायच्या चिकट पुठ्ठ्याचा गोंद मांजरीच्या बोटांच्या फटीतून निघेना

मांजरी 7 महिन्यांची, वजन अडीच किलो. काल रात्री धान्याच्या कोठीमागे ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यात पुढचा उजवा पाय आणि पोटाखालचे केस अडकले. पुठ्ठ्यावर नुसता गोंद आहे, विष नाही.

पुठ्ठा ओढला नाही, कातडी सोलते. कडेने करडईचं तेल सोडत सोडवला. मग तेल 15 मिनिटं मुरवून कोमट पाणी आणि भांड्यांच्या पातळ साबणाने दोनदा धुतलं. पोट साफ झालं. पण बोटांच्या फटीत हरभऱ्याएवढी गोळी उरलीय, त्यात धूळ बसून ती घट्ट झालीय.

रॉकेल, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर कृपया सुचवू नका. कातडी भाजते, वर मांजर ते चाटणारच. कात्रीही नको, बोटांमधली पातळ कातडी केसांबरोबर ओढली जाते आणि कापली जाते. चाटू नये म्हणून गळ्यात जुन्या एक्स-रेच्या फिल्मची कॉलर केलीय (तेल जास्त पोटात गेलं तर जुलाब होऊ शकतात). तोंडात गोंद नाही, लाळ किंवा उलटी नाही, खाणंपिणं नेहमीसारखं. पायाला सूज नाही, फटीत थोडी लाली आहे, पण लंगडत नाही.

गंगाखेडहून परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात उद्या सकाळीच नेता येईल. तोवर तेलात भिजवलेला कापूस फटीत ठेवून वर सैल पट्टी बांधली, तर रात्रभर चालेल का? की ओल राहून कातडी आणखी चिघळेल, आणि त्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी तेल लावून लगेच धुणं बरं?